कै. वसंतरावजी नाईक : शिवारातून सार्वजनिक जीवनाकडे
(कृषिदिनानिमित्त १ जुलै रोजी अचलपूर येथे भरलेल्या समाजाच्या सभेत एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



पेरणीची घाई असताना, तिफन शिवारात उभी ठेवून आपण येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आभाळ भरून आले की शेतकऱ्याचे चित्त घरातही लागत नाही, मग सभेत कोठून लागणार? म्हणून फार पाल्हाळ न लावता बोलावे असा माझा विचार आहे. परंतु मी पडलो शिक्षक. शिक्षकाच्या हाती खडू नि समोर श्रोते आले की घड्याळाचे भान राहत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. चूकभूल झाल्यास पदरात घ्यावी.

आजचा दिवस १ जुलै. हा दिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो, कारण १९१३ साली याच दिवशी पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा गावी वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म झाला. त्यांच्या चरित्रावर बोलावे, अशी मंडळाने मला आज्ञा केली. त्यावर आपल्यातीलच एका सद्गृहस्थांनी मला खाजगीत विचारले, “गुरुजी, नाईकसाहेब बंजारा समाजाचे. आपल्या समाजाच्या सभेत आपल्या समाजातील थोर पुरुष सोडून त्यांचे चरित्र कशाला?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की, विहीर कोणाच्याही शिवारात असो, तहान भागविते ते पाणीच. आपला समाज काळ्या मातीवर पोसलेला आहे. त्या मातीची ज्याने चिंता वाहिली, त्याचे आपण सारे देणेकरी आहोत.

प्रथम त्यांच्या कुळाविषयी दोन शब्द. बंजारा समाज हा पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारा समाज. मोठमोठ्या फौजांना धान्य पुरविण्याचे काम त्यांच्या तांड्यांनी केले. पुढे आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या आणि एका पिढीच्या अवधीत तो सारा व्यापार बुडाला. पोट भरण्याचे साधन गेले. इतकेच नव्हे, तर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. अशा पडत्या काळात ज्या कुटुंबांनी तांडा एका जागी स्थिर केला, रान तोडून जमीन कसदार केली आणि भटकेपण सोडून कुणबिकी पत्करली, त्यांत नाईकांचे घराणे होते. गहुली ही त्यांच्या वाडवडिलांनी वसविलेली वस्ती. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याचे धान्य वाहून नेले, त्यांच्याच वंशजाने पुढे साऱ्या महाराष्ट्राला धान्य पिकविण्याचा मंत्र दिला. काळाचा महिमा असा आहे.

तांड्यात शाळा नव्हती. त्यामुळे बालपणी या गावाहून त्या गावी जाऊन त्यांना शिकावे लागले. पुढे नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून ते १९३८ साली बी. ए. झाले आणि १९४० साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. त्यानंतर अमरावतीस येऊन त्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या समवेत काही काळ वकिली केली. पंजाबराव म्हणजे आपल्या वऱ्हाडचे भूषण. १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. जिल्ह्याच्या एका खुर्चीवरून केवढे काम होऊ शकते, याचा हा धडा तरुण वसंतरावांच्या अगदी डोळ्यांसमोर होता. १९४१ साली ते पुसदला परतले. त्याच वर्षी नागपूरच्या घाटे या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी असा विवाह करणे म्हणजे दोन्हीकडील समाजाचा रोष ओढवून घेणे होते. तो दोघांनीही धैर्याने सोसला.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा आहे, तेथे येतो. वकिलीची सनद हाती असलेला, इंग्रजी बोलणारा, नागपूर-अमरावतीत सुखाने राहू शकणारा हा तरुण पुसदसारख्या आडगावी परत का आला? १९४३ ते १९४७ या काळात पुसद कृषी मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. पुसदचे हरिजन वसतिगृह आणि दिग्रसचे राष्ट्रीय वसतिगृह यांचीही धुरा वाहिली. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नगरपालिकेचा कारभार म्हणजे काय, हे आपण अचलपूरकर जाणतोच. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, शाळा, दवाखाना आणि कोंडवाडा! त्यात कीर्ती थोडी आणि तक्रारी फार. नळाला पाणी आले तर कोणी अध्यक्षाचे नाव घेत नाही, न आले तर साऱ्या गावाच्या मुखी तेच नाव असते. पुढे अकरा वर्षे राज्य चालविणाऱ्या या पुरुषाने सार्वजनिक कामाची मुळाक्षरे गिरविली, ती या पाटीवर.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते जुन्या मध्यप्रदेशाच्या विधानसभेत निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशात होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या तिन्ही राज्यांच्या मंत्रिमंडळांत वसंतराव होते. सहकार, कृषी आणि महसूल अशी मातीशी निगडित खातीच बहुधा त्यांच्याकडे आली.

१९६० साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. खेड्यांचा कारभार खेडुतांच्या हाती कसा द्यावा, हे तिने सांगावयाचे होते. यापूर्वी १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवरील समिती बळकट करावी असे सुचविले होते. नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला आणि निराळा विचार मांडला. तालुका लहान पडतो, पैसा आणि जाणकार माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेली असतात. तेव्हा खरे बळ जिल्हा परिषदेस द्यावे आणि कलेक्टरला तिच्या बाहेर ठेवावे, असे समितीने म्हटले. कलेक्टर सभेत बसला की कास्तकाराच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच ही दुसरी सूचना सुचू शकते! त्याप्रमाणे १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. आपल्या गावची शाळा, दवाखाना, गुरांचा दवाखाना, गावरस्ता हे सारे त्या व्यवस्थेतून आले. मी स्वतः आयुष्यभर शिक्षकी केली. जिल्हा परिषदेच्या हजारो शिक्षकांच्या चुली या कायद्याने पेटल्या, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

मुख्यमंत्री मा. सा. कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. सलग इतका दीर्घ काळ ते पद महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी भूषविलेले नाही. ते दिवस अन्नटंचाईचे होते. परदेशातून गलबते आली तर रेशनच्या दुकानात धान्य येई. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावरील सभेत त्यांनी जाहीर केले की, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला फाशी द्या. राजकारणी माणसे आश्वासने देतात, पण आपली मान तारण ठेवून आश्वासन देणारा विरळा. संकरित ज्वारीचे बियाणे, खत आणि विहिरी यांचा त्यांनी ध्यास घेतला. १९६८ साली राज्यातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९६९ साली अकोल्यास दुसरे झाले आणि त्यास पंजाबरावांचे नाव मिळाले. १९७२ साली परभणी व दापोली येथेही विद्यापीठे उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठास २०१३ पासून वसंतरावांचे नाव आहे. गुरू आणि शिष्य या दोघांच्या नावांची विद्यापीठे शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवीत आहेत, हा योगायोग किती सुंदर!

तथापि चरित्र म्हणजे आरती नव्हे. आरतीत देवाचे दोष सांगत नाहीत, चरित्रात माणसाच्या उणिवाही सांगाव्या लागतात. संकरित ज्वारीने कणगी भरली, हे खरे. पण ती लवकर पक्व होई आणि परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा पडे. ताट आखूड असल्याने कडबा कमी निघे. आमच्या घरी आजी म्हणे, “माणसाचं पोट भरलं, पण बैलाचं काय?” धान्य वाढले, पण आभाळाने दगा दिला तेव्हा ते पुरले नाही. १९७२ चा दुष्काळ माझ्या बालपणी मी पाहिला. रेशनवर मिळणारी ती परदेशी लाल मिलो, तिची न चावणारी भाकर आणि कामावरच्या मजुरांना मिळणारी सुकडी आजही आठवते. परंतु त्याच संकटात त्यांच्या सरकारने श्री. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना उचलली. लाखो हातांना खडी फोडण्याचे, रस्त्याचे, पाझर तलावाचे काम दिले. मागेल त्याला काम ही गोष्ट महाराष्ट्राने १९७७ साली कायद्यात बसविली आणि २००५ साली साऱ्या देशाने तिचे अनुकरण केले.

तीच गोष्ट कापसाची. १९७१ च्या कायद्याने सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. हेतू असा की दलाल आणि व्यापारी यांच्या कचाट्यातून वऱ्हाडचा शेतकरी सुटावा. तो काही अंशी सुटलाही. खरेदी केंद्रावरील बैलगाड्यांच्या रांगा आणि गाडीखाली घोंगडी पांघरून काढलेल्या रात्री आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. पण चुकारे हप्त्याहप्त्याने आले, तोटा वाढत गेला आणि कालांतराने ती योजना मोडीत निघाली. सिंचनाचा अनुशेषही राहिला. मुख्यमंत्री विदर्भाचा असूनही विदर्भाचे शिवार कोरडेच कसे राहिले, असे लोक विचारतात. तो प्रश्न खोटा नाही. १९८४ साली दांडेकर समितीने या अनुशेषाची मोजदाद केली, तेव्हा त्या प्रश्नावर शासकीय शिक्काच बसला.

१९७७ साली वाशीम मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. चरित्राचा धागा येथे संपतो. पण बंधुभगिनींनो, माझे बोलणे अद्याप संपलेले नाही. मला आता माझीच एक चूक आपल्यापुढे कबूल करावयाची आहे. आज या व्यासपीठावर उभा राहण्याचे ते खरे कारण आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि शिक्षक झालो. तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना शिकविले. एखादा मुलगा गृहपाठ करून आला नाही, पाढा चुकला, की माझ्या तोंडी एक ठरलेले वाक्य असे : “शिकला नाहीस तर वखर हाकावा लागेल.” वर्ग हसे. ज्याला म्हटले तो मान खाली घाली. मला वाटे, मी मुलाच्या हितासाठी बोलतो आहे. त्या वर्गातील बहुतेक मुलांचे बाप त्या क्षणी शिवारात वखरच हाकीत होते, ही गोष्ट माझ्या ध्यानी आली नाही. बापाचा धंदा ही मुलाला शिक्षा म्हणून सांगणारा मी शिक्षक होतो.

काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी घरी आला. हुशार होता, पदवीधर झाला होता. नोकरीच्या आशेने त्याच्या वडिलांनी चारातले दोन एकर विकले. पैसा गेला आणि नोकरीही मिळाली नाही. उरलेले दोन एकर त्याने ठोक्याने दिले होते. चहा झाल्यावर तो मला शांतपणे म्हणाला, “गुरुजी, तुमीच म्हणत होते ना, शिकलं नाई त वखर हाकावा लागते? आता शिकलो बी, अन् वखर बी गेला.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी वसंतरावांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले आणि मला त्यात पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसली. त्यांनी शिक्षण घेतले, ते शेतीतून पळण्यासाठी नव्हे. सनद मिळाल्यावर ते पुन्हा त्याच शिवारात आले आणि तेथून त्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले. मुख्यमंत्री असतानाही ते स्वतःला शेतकरी म्हणवीत. विद्या ही वखराच्या विरुद्ध नसून वखराची सोबतीण आहे, हे मी वर्गात सांगावयास हवे होते. ते मी सांगितले नाही.

येथे मी एक सावधगिरीचा शब्दही बोलतो. गहुलीच्या नाईकांच्या घरी शेती मोठी होती, तांड्याचे नाईकपण होते, मानमरातब होता. त्यांना परत येणे परवडले. आपल्या चार एकर कोरडवाहूवाल्या पोराला “तूही तसेच कर” असा उपदेश करून मोकळे होणे म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर ओझे लादणे होय. गेल्या पंचवीस वर्षांत वऱ्हाडातील किती कास्तकारांनी कर्जापायी आपला जीव दिला, हे आपण जाणतो. त्यांची घरे आपल्या ओळखीची आहेत. म्हणून “शेती करा” असे मी आज कोणाला म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन की, शेती करणाऱ्याला हीन लेखू नका आणि त्याला एकटे सोडू नका.

यास्तव समाजापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना आपल्या गुणगौरव समारंभाविषयी. दरवर्षी आपण डॉक्टर, अभियंता, अधिकारी झालेल्या मुलांना शालश्रीफळ देतो. ते योग्यच आहे. पण संत्र्याची बाग रोगातून वाचविणारा, कर्ज फेडून शेत राखणारा, किंवा घरधनी गेल्यावर पदर खोचून शेती सांभाळणारी एखादी भगिनी यांना आपण कधी मंचावर बोलाविले आहे काय? विवाहाच्या बैठकीत मुलगा शेती करतो असे कळताच वधूपिता उठून जातो. हा दोष शेतीचा नाही, आपल्या नजरेचा आहे. ती नजर बनविण्यात माझ्यासारख्या शिक्षकांचाही वाटा आहे.

दुसरी सूचना शिष्यवृत्तीविषयी. समाजनिधीतून ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांपैकी निदान एक तरी कृषी पदविका किंवा कृषी पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. अकोल्याचे विद्यापीठ आपल्यापासून दूर नाही. तेथे शिकलेल्या मुलाने वर्षातून चार वेळा या सभागृहात बसून समाजबांधवांना माती तपासणी, पीकविमा आणि शेतीचा जमाखर्च समजावून सांगावा, एवढी अट घालावी. आपण किती खर्च केला हे आपल्यातील बहुतेकांस ठाऊक नसते, केवळ किती देणे आहे एवढेच ठाऊक असते.

तिसरी सूचना स्थानिक कारभाराविषयी. वसंतरावांनी जी जिल्हा परिषद उभी केली, तिची मुदत २०२२ साली संपल्यावर आपल्या अमरावतीसह राज्यातील बहुतेक ठिकाणी प्रशासकाचा अंमल सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. निवडून दिलेला माणूस नाही आणि त्याची कोणाला खंतही नाही, हे पाहून मला दुःख झाले. ज्या घराला मालकाची आठवण होत नाही, ते घर परक्याचे होते. ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची, नगरपालिकेची निवडणूक आली की आपला उमेदवार जातीचा आहे काय, एवढेच आपण पाहतो. तो हिशोब वाचू शकतो काय, हे पाहत नाही. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तेथे आपल्या भगिनींनी स्वतः खुर्चीवर बसावे, पतिराजांनी घरी थांबावे. (टाळ्या) टाळ्या भगिनींच्या बाजूने अधिक आल्या, याची नोंद अध्यक्षांनी घ्यावी!

समारोप करतो. वसंतराव मुख्यमंत्री झाले म्हणून त्यांचा फोटो कचेऱ्यांतून लागतो. पण मला त्यांचे मोठेपण त्याहून आधीच्या काळात दिसते. पुसदच्या नगरपालिकेत पाण्याच्या आणि दिवाबत्तीच्या तक्रारी ऐकत बसलेला तो तिशीतला वकील मला अधिक मोठा वाटतो, कारण तेथवर पोहोचणे आपल्या मुलामुलींच्या आवाक्यात आहे. मुख्यमंत्रिपद सर्वांच्या नशिबी नसते, गावचे काम मात्र प्रत्येकाच्या दाराशी उभे असते.

माझ्या त्या विद्यार्थ्याविषयी सांगून थांबतो. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या वृद्ध वडिलांना भेटलो आणि त्यांच्यासमोर माझी चूक कबूल केली. म्हातारबा हसले आणि म्हणाले, “जाऊ द्या गुरुजी, तुमी चांगल्यासाठीच म्हनलं.” मुलाने उरलेले दोन एकर यंदा ठोक्याने न देता स्वतः कसावयास घेतले आहेत. त्याने तूर आणि कपाशी पेरली आहे. पीक कसे येईल, हे मी सांगू शकत नाही. पाऊस परमेश्वराच्या हाती आणि भाव बाजाराच्या हाती. पण आज सकाळी सभेला येताना मी वाट वाकडी करून त्याच्या धुऱ्यावर गेलो. ओळीत अंकुर वर आले होते. मी पायांतील वहाणा काढल्या आणि त्या मातीला हात लावून नमस्कार केला.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!